आवडता गायक जाऊन महिना झाला, तरी त्याचं गाणं लावलं की रडू येतं. घरचे म्हणतात हे अती आहे. खरंच अती आहे का?

नाही. अजिबात नाही. घरचे "तो तुझा कोण लागत होता?" असं विचारत असतील, तर हाच प्रश्न मला 1998 साली विचारला गेला होता आणि तो मला अजून सलतो.

मी फोंड्याजवळच्या एका गावातला. मंगेशी आम्हाला सायकलच्या अंतरावर. गायक-संगीतकार पं. जितेंद्र अभिषेकी तिथले. मूळ आडनाव नवाथे, वडील देवळात अभिषेक करायचे म्हणून अभिषेकी. गोव्यात हे कुणाला सांगावं लागत नाही, तुम्ही कुठले ते ठाऊक नाही म्हणून लिहिलं.

अभिषेकीबुवा 7 नोव्हेंबर 1998 ला पुण्यात गेले. शनिवार होता. मला कळलं रविवारी सकाळी. पोदेर पाव देऊन गेला, मागोमाग पेपर आला. पाव तसेच राहिले.

त्या वर्षी आमच्या जत्रेला 'ययाति आणि देवयानी' बसवत होतो. नाटक कुसुमाग्रजांचं, 1966 सालचं, पदांना चाली बुवांच्या. माझ्या वाट्याला 'सर्वात्मका सर्वेश्वरा' आलं होतं. रविवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात तालीम. मी म्हटलं, आज नको, आज नुसते बसूया. पेटीवर माझा चुलत दादा होता, तोच तालीम मास्तर. त्याने भाता थांबवला नाही. म्हणाला, "तो तुजो कोण रे? तुका सुतक लागलां?" सगळे हसले. मी उठलो आणि तळीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. आत माझ्याशिवाय तालीम झाली. जत्रा आठ दिवसांवर आली होती, पंधरा माणसं खोळंबली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी उठलो. आजही उठेन.

माझा कोण होता ते आता सांगतो. मला गाणं कुणी शिकवलं नाही. घरात तेवढे पैसे नव्हते. 1983 साली दादानेच मुंबईहून बुवांची कॅसेट आणली आणि ती माझ्याकडेच राहिली. मी ती इतकी वाजवली की 'सर्वात्मका'च्या मधोमध फीत तुटली. दादाने ब्लेडने दोन्ही टोकं छाटली, चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला आणि जोडून दिली. त्या जोडावर एक मात्रा गेली. मला ते माहीतच नव्हतं, मी गाणं तसंच शिकलो. पहिल्यांदा तबल्याबरोबर गायलो तेव्हा त्या ओळीनंतर समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच पोचलो. चूक समजली, पण कानात बसलेलं निघत नाही. अजूनही त्या जागी मी घाई करतो.

नाट्यसंगीत म्हणजे हलकं गाणं असं म्हणणाऱ्यांनी बुवांचं काम नीट ऐकलेलंच नाही. एकेक पद पंधरा-वीस मिनिटं घोळवायचं, वन्समोअर घ्यायचे, तोवर समोरचा नट नुसता उभा, अशी रंगभूमीची सवय होती. बुवांनी 'मत्स्यगंधा' नाटकापासून, म्हणजे 1964 पासून, पद प्रसंगापुरतं ठेवलं. राग तोच, तयारी तीच, पण पात्राला जे म्हणायचंय तेवढंच. आमच्यासारखे दिवसभर नोकरी करून रात्री तोंडाला रंग लावणारे लोक ही पदं गाऊ शकले ते त्यामुळे. प्रसंग समजला की चालीचा अर्थ लागायचा. यालाच मी शिकवणं म्हणतो. समोर बसवून शिकवलं तरच गुरू, हे मला मान्य नाही.

जत्रेच्या रात्री दादा माझ्याशी बोलत नव्हता. पद सुरू झालं. ती ओळ आली, मी नेहमीसारखा पुढे सरकलो आणि दादाने नेहमीसारखाच पेटीवर तो एक स्वर धरून ठेवला, मला मागे ओढून समेवर आणलं. लोकांना काही कळलं नाही. पद संपल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर दर गणेश चतुर्थीला मूळ घरी सगळे जमले की तो पाहुण्यांना माझी ओळख करून देतो, "हो अभिषेकींचो पूत." मला ते झोंबतं आणि तो थांबत नाही.

तुमचं विचारणं राहिलंच. रडू येत असेल तर येऊ द्या, पण गाणी बंद करू नका. मी सहा महिने ती कॅसेट लावली नाही, ती चूक झाली. सुरुवातीला तुम्ही फार न ऐकलेलं काही लावा, पाठ असलेलं नंतर. झोप आणि जेवणच सुटलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, घरात कुणाशी तरी मोकळेपणी बोला, वेळ पडली तर डॉक्टरांशीही. आणि हेही खरं की बुवांना मी प्रत्यक्ष एकदाच ऐकलं, तेही बरंच लांबून. त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं. त्याने माझ्यापुरता काही फरक पडत नाही.

दादा आता ऐंशीच्या घरात आहे. बोटं वाकडी झालीत, पेटी कापडाखाली. यंदा चतुर्थीला मी ती कॅसेट आणि जुना टेप घेऊन जाणार आहे. जोडाची जागा आली की त्याचं बोट हलतं का, ते मला पाहायचंय.