घावनांवरचा वाद

"मॅडम, वाचक वाढत नसतील तर लिहायचं कशाला? आणि वाढवायला गेलं की लिहिण्यातली मजाच जाते."

हा प्रश्न हल्ली समुपदेशनात माझ्याकडे वरचेवर येतो, म्हणून एका ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

वय 44, सहकारी बँकेत नोकरी, आजोळ कोकणातलं. लॉकडाऊनमध्ये त्या मोबाईलवर आजोळच्या आठवणी लिहायला लागल्या आणि कथा-कादंबऱ्यांच्या एका अ‍ॅपवर टाकायला लागल्या. 35-40 जण वाचायचे. मग नणंदेनं सुचवलं म्हणून सासू-सुनेची मालिका सुरू केली आणि बाराव्या भागाला वाचक 6 हजारांवर गेले. "त्या दिवशी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, मला कळलंच नाही," त्या म्हणाल्या.

मग रोज एक भाग. एक दिवस चुकला की "ताई, पुढचा भाग कधी?" प्रत्येक भागाचा शेवट दार वाजण्यावर, नाहीतर कुणाला तरी चक्कर येण्यावर. सत्तराव्या भागापर्यंत बिचाऱ्या सुनेला तीनदा चक्कर आली होती. रात्री एक वाजेपर्यंत लिहायचं आणि सकाळी दात घासता घासता आकडा बघायचा. रेटिंग 4.6 वरून 4.5 झालं त्या दिवशी त्यांनी क्षुल्लक कारणावरून मुलीवर हात उगारला. दुसऱ्याच आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या.

झोप, भूक, कामातलं लक्ष, सगळं विचारून घेतलं. नैराश्याची लक्षणं दिसली नाहीत. दिसली असती तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

घरचे म्हणत होते, "एवढा त्रास होतोय तर बंद कर." मैत्रिणी म्हणत होत्या, "स्वान्तःसुखाय लिही गं." मला दोन्ही सल्ले सारखेच निरुपयोगी वाटतात. वाचक हवासा वाटण्यात लाज कसली? कीर्तनकारालाही समोर माणसं लागतातच की.

त्यांना एवढंच सांगितलं, अ‍ॅप उघडलं की छोट्या वहीत एक रेघ मारायची. पहिल्या दिवशी 53 रेघा निघाल्या. लिहायला म्हणून उघडलं होतं ते फक्त 4 वेळा. वही पुढे सरकवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खरं तर यात त्यांच्या स्वभावाचा दोष कमी आहे. दाणा कधी मिळेल, कधी नाही, अशी व्यवस्था असली की कबुतर चोच मारायचं थांबत नाही, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्रयोगशाळेत केव्हाच दाखवलंय.

त्यांना मी 1973चा एक प्रयोगही सांगितला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्र काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी बघितलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं स्केचपेनकडे इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आकडा बघायला हरकत नाही, पण तो डोक्यात ठेवून लिहायला बसायचं नाही."

मी विचारलं, "आजवरच्या प्रतिक्रियांपैकी कुठल्या आठवतात?" मालिकेवर शेकडो आल्या होत्या, पण 'छान' आणि 'पुढचा भाग लवकर टाका' यापलीकडे काही सांगता येईना. आणि मग त्या एकदम हसायलाच लागल्या. आजोळच्या एका जुन्या लेखावर मालवणचे एक गृहस्थ त्यांच्याशी भांडले होते. घावनाला तांदूळ भिजवून वाटायचे की कोरडं पीठ चालतं, यावर 11 प्रतिक्रियांचा वाद! "शेवटी मी मामीला फोन लावला, तर मामी त्यांच्याच बाजूची निघाली!" तीन भेटींत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा असा खुलला होता.

आम्ही ठरवलं ते साधंच होतं. मालिका आठवड्यातून दोनदाच, आणि तसं वाचकांना सांगून टाकायचं. नोटिफिकेशन बंद. आकडा फक्त रविवारी. रोज 20 मिनिटं वहीत लिहायचं, ते अ‍ॅपवर टाकायचं की नाही हे लिहिताना ठरवायचं नाही. ताईंना मालिकेतून महिन्याला जेमतेम हजारभर रुपये मिळत होते, म्हणून हे जमलं. ज्याचं घरच यावर चालतं त्याला मी वेगळं सांगते: ती नोकरी समजा, तिचे तास ठरवा, साप्ताहिक सुट्टी घ्या आणि आवडीचं लिखाण त्याच्या बाहेर ठेवा.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. फॉलोअर शे-दीडशेनं घटले. बुधवारीच त्या चोरून आकडा बघून आल्या आणि माझ्यापुढे कबूलही केलं. अठ्ठ्याऐंशीव्या भागात मालिका घाईनं गुंडाळली, त्यावर वाचकांची बोलणी खाल्ली. अजूनही रविवारी तासभर अ‍ॅपवर जातो म्हणाल्या, तेवढा जाऊ दे.

शेवटच्या भेटीत पर्समधून वही काढली. मामीवर काहीतरी लिहिलं होतं, अर्धंच. मला वाचायला दिलं नाही.

"टाकणार का?" मी विचारलं.

"बघू. मामी म्हणते, आधी मला वाचून दाखव."