उडी आणि लय

प्रश्न : वांद्र्यातील आमचा हौशी गट रेकॉर्डर (बासरीसारखे सुषिर वाद्य), व्हायोलिन आणि डफ यांवर मध्ययुगीन युरोपीय नृत्यसंगीत बसवत आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या इटालियन हस्तलिखितातील एक साल्तारेल्लो आणि एक इस्टांपिट्टा अशा दोन रचना आम्ही निवडल्या आहेत. निरनिराळ्या ध्वनिमुद्रणांत लय इतकी वेगवेगळी आहे की कोणती योग्य मानावी, हे आम्हाला ठरवता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, मुंबई

उत्तर : मेल्झेलने मेट्रोनोमचे, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राचे, पेटंट १८१५ साली घेतले. आपले हस्तलिखित त्याच्या चारशेहून अधिक वर्षे आधीचे असल्याने त्यात लयीचा आकडा सापडणार नाही. त्या काळचे स्वरलेखन एक स्वर दुसऱ्याच्या किती पट लांब एवढेच सांगते. शिवाय त्या नृत्यांचे पदन्यासही लिहून ठेवलेले नाहीत. दोमेनिको दा पियाचेन्झा या इटालियन नृत्यगुरूचा नृत्यग्रंथ पंधराव्या शतकाच्या मध्याचा आहे. त्यात बासादान्झा हे नृत्य सर्वांत संथ आणि साल्तारेल्लोचे माप त्याच्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी वेळाचे, असे प्रमाण दिले आहे. हे गणित जसेच्या तसे मागे नेऊ नये, पण दोन नृत्यांच्या लयींत नाते असते, ही गोष्ट त्यातून घेण्यासारखी आहे.

साल्तारेल्लो हे उड्यांचे नृत्य. दहा सेंटीमीटर उंच उडी मारणारा माणूस सुमारे ०.२९ सेकंद हवेत असतो आणि वीस सेंटीमीटरला सुमारे ०.४ सेकंद, हा वेळ चौदाव्या शतकातही तेवढाच होता आणि वादकाने कितीही घाई केली तरी तो कमी होत नाही. म्हणून आपल्यापैकी एकाने (खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची परवानगी घेऊन) वाद्यांच्या साथीवर प्रत्यक्ष उड्या मारून पाहाव्यात. पाय जमिनीला लागण्याआधीच पुढचा ठोका पडू लागला, तर लय चढलेली आहे. अनेक ध्वनिमुद्रणे मला याच कारणाने नृत्यापेक्षा शर्यतीची वाटतात.

इस्टांपिट्टाचा विचार निराळा आहे. इ. स. १३०० च्या सुमारास पॅरिसमध्ये लिहिणाऱ्या योहानेस दे ग्रोकेओ या संगीतशास्त्रकाराने, डुक्तिया या वाद्यरचनेत असणारे ठोके स्टांतिपेस या दुसऱ्या प्रकारात नसतात आणि तिच्या अवघड रचनेत वाजवणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे मन गुंतून राहते, असे म्हटले आहे. स्टांतिपेस ही इस्टांपिट्टाची जवळची नातलग असल्यामुळे येथे डफ अगदी मंद ठेवावा किंवा सरळ बाजूला ठेवावा. रचनेतील सर्वांत दाट स्वरांचा भाग रेकॉर्डरवर स्वच्छ निघेल, ती लय संपूर्ण रचनेसाठी धरावी. कार्यक्रम एखाद्या दगडी चर्चमध्ये असेल तर तीही थोडी उतरवावी लागेल, कारण तिथल्या घुमाऱ्यात जलद स्वर एकमेकांत मिसळतात.

आपल्याकडच्या श्रोत्यांना शेवटी द्रुत लय ऐकण्याची सवय असते आणि वादकांचा हातही नकळत तिकडे वळतो. साल्तारेल्लोत हा मोह टाळावा. नर्तकाला शेवटच्या उडीलाही पहिल्या उडीइतकाच वेळ लागतो, हे डफवादकाला तालमीतच सांगून ठेवावे.