ट्रायल्स सायकलसाठी मजबूत, टिकाऊ फ्रीव्हील कुठलं घ्यावं?

आधी थेट उत्तर देतो, कारणं मग सांगतो. तुम्ही लिहिलंय की खारघरला राहता, वजन 78 किलो, सेकंडहँड 26 इंची ट्रायल्स सायकल (पाय न टेकता अडथळ्यांवरून उड्या मारत न्यायची) घेतलीय, फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं दातेरी चक्र, पुढे क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) आहे आणि पेडल किक, म्हणजे पेडलला झटका देऊन उडी, मारताना ते मधूनच सटकतं, आणि तुमचा सायकलवाला म्हणतोय की साधं 18 दात्यांचं फ्रीव्हील दोनशे रुपयांत टाकून देतो. ते टाकू नका. ट्रायल्ससाठीच बनवलेलं, 18 दात्यांचं, 72 क्लिकचं (एका फेरीत 72 ठिकाणी पकडणारं) आणि उघडून साफ करता येईल असं फ्रीव्हील घ्या. पैसे काढता येत असतील तर व्हाइट इंडस्ट्रीजचं ईनो ट्रायल्स, नसतील तर टेन्साइलसारख्या ट्रायल्सवाल्या कंपनीचं 60 किंवा 72 क्लिकचं. 108 क्लिकच्या मागे आत्ता लागू नका. आणि नवीन येईपर्यंत या सटकणाऱ्या फ्रीव्हीलवर एकही किक मारू नका, हे अगदी कळकळीने सांगतोय. किक मारताना तुमचं सगळं वजन एका पायावर असतं, हँडल छातीजवळ ओढलेलं असतं, आणि त्या क्षणी फ्रीव्हीलने हात सोडला तर नडगी पेडलवर आणि हनुवटी हँडलच्या मधल्या स्टेमवर आपटते. मी येऊरच्या वाटेवर एका मित्राचे पुढचे दात असे गेलेले बघितलेत.

आता साधं का चालत नाही ते. तुमचा सायकलवाला खोटं बोलत नाहीये, आटे जुळले तर ते फ्रीव्हील बसेलही, पण ते ज्या कामासाठी बनलंय ते काम वेगळं आहे. साध्या सायकलला पुढे साधारण 44 दात्यांचं चाक असतं आणि मागे 18 चं फ्रीव्हील, म्हणजे पायाने दिलेला टॉर्क (फिरवणारा जोर) मागे पोचेपर्यंत 44 भागिले 18 इतका, म्हणजे जवळपास अडीच पट कमी झालेला असतो. तुमच्या सायकलला फ्रीव्हील क्रँकवरच आहे, त्यामुळे पायाचा टॉर्क जसाच्या तसा, पूर्णच्या पूर्ण त्याच्यावर येतो. म्हणजे नुसतं पेडलवर उभं राहिलात तरी साध्या सायकलच्या फ्रीव्हीलपेक्षा अडीच पट लोड, किक तर अजून वेगळीच, कारण किकमध्ये तुम्ही वजन ठेवत नाही, फेकता.

चेनचा हिशोब पण करून बघा. 18 दात्यांच्या चाकाची त्रिज्या 36 मिमीच्या आसपास येते, क्रँक 175 मिमीची धरली तर 78 किलोचा माणूस पुढच्या पेडलवर शांत उभा राहिला तरी चेनमध्ये 375 किलोचा ताण येतो. तोच माणूस 44 दात्यांच्या चाकावर उभा राहिला तर दीडशे किलोच्या आसपास. म्हणून ट्रायल्सवाले बारकी गिअरची चेन न लावता जाड, सिंगल स्पीडची चांगल्या कंपनीची चेन लावतात, आणि म्हणूनच मी 16 दात्यांपेक्षा 18 सांगतोय, कारण ताण जास्त दात्यांत वाटला जातो आणि बाहेरच्या रिंगमध्ये दात्यांच्या खाली लोखंड पण जास्त उरतं.

क्लिकचं गणित नीट समजून घ्या कारण सगळी जाहिरात त्याच आकड्यावर चालते. क्लिक म्हणजे एका फेरीत किती ठिकाणी फ्रीव्हील पकडतं. 18 क्लिकचं साधं फ्रीव्हील असेल तर जास्तीत जास्त 20 अंश पेडल रिकामं फिरतं, 175 च्या क्रँकवर ते सहा सेंटिमीटर होतात. मागच्या चाकावर तोल धरून उभं राहायचं आणि पाय सहा सेंटिमीटर हवेत जाणार असेल तर कसा धरणार तोल! 36 क्लिकला 10 अंश म्हणजे तीन सेंटिमीटर, 72 ला 5 अंश म्हणजे दीड सेंटिमीटर, 108 ला सव्वातीन-साडेतीन अंश म्हणजे एक सेंटिमीटर. आता बघा, 18 वरून 72 वर आलात की साडेचार सेंटिमीटर वाचले, 72 वरून 108 वर गेलात की अर्धाच. तो अर्धा सेंटिमीटर स्पर्धा खेळणाऱ्याला लागतो, तुम्हाला आत्ता नाही.

आणि क्लिक वाढवायचे दोन रस्ते असतात, तिथेच मजबूत आणि कमकुवत असा फरक पडतो. एक म्हणजे आतल्या रिंगवरचे दाते बारीक करायचे, म्हणजे पकड उथळ होते, थोडी झीज झाली किंवा कचरा गेला की वरून घसरते. दुसरा म्हणजे दाते मोठेच ठेवायचे आणि आतले पॉल, आपले सायकलवाले ज्यांना कुत्ते म्हणतात ते, दोन गटांत थोडे पुढे-मागे बसवायचे. ईनो ट्रायल्सचं असंच आहे, सहा पॉल, त्यातले तीन एका वेळी पकडतात, पुढच्या अर्ध्या पावलाला दुसरे तीन. साध्या ईनोला 36 क्लिक आणि तीन पॉल असतात, म्हणजे 72 क्लिक मिळूनही लोड तेवढ्याच तीन पॉलवर, तेवढ्याच खोल दात्यांवर. मला विचाराल तर हे ट्रायल्सच्या फ्रीव्हीलमधलं सगळ्यात हुशारीचं काम आहे. त्यामुळे घेताना विक्रेत्याला क्लिक किती हे विचाराच पण त्याच्याआधी विचारा की एका वेळी किती पॉल पकडतात. दोन म्हणाला तर सोडून द्या.

आता एक महत्त्वाचं, नवीन मागवायच्या आधी सटकतंय ते नक्की फ्रीव्हीलच आहे का ते बघा, कारण ढिल्या चेनचा झटका पायाला अगदी तसाच लागतो. चेन मोजा: एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या 24 व्या पिनेच्या मध्यापर्यंत 12 इंच यायला पाहिजे, दीड मिमी जास्त आलं तर चेन गेली, दाते पण बघा वाघनखासारखे वाकलेत का. मागच्या चाकावर जे फिक्स दातेरी चक्र आहे ते आट्यांवर बसलेलं असेल तर हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) आटे सोलवटलेत का ते पण बघा. सगळ्यात सोपं म्हणजे मागचा ब्रेक घट्ट दाबून धरायचा, एका मित्राला खाली बसवून चेनकडे बघायला सांगायचं आणि तुम्ही भिंतीला किंवा रेलिंगला धरून पेडलवर हळूहळू वजन टाकायचं. पेडल खाली गेलं आणि चेन जागची हलली नाही तर दोष फ्रीव्हीलमध्ये, चेन दात्यांवरून उडी मारताना दिसली तर चेन किंवा दाते. हे एकदाच करून थांबू नका, फ्रीव्हील थोडं थोडं फिरवून पूर्ण फेरीभर करा, कारण आतली झीज बहुतेक एकाच बाजूला असते आणि दहा ठिकाणी धरलेलं फ्रीव्हील अकराव्या ठिकाणी सोडतं.

सटकणारं फ्रीव्हील आतून कसं दिसतं ते सांगतो म्हणजे तुम्हाला नवं कसं जपायचं तेही कळेल. मागच्या पावसाळ्यानंतर नौपाड्यातल्या एका पोराचं फ्रीव्हील आम्ही त्याच्या गॅलरीत पेपर पसरून उघडलं. साध्या बेअरिंगवाल्या फ्रीव्हीलला वरती दोन भोकांची रिंग असते, तिला बहुतेक उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने ठोकलं की सुटते, खाली कागदासारखे पातळ वायसर असतात ते हरवायचे नाहीत, आणि मग छर्रे सांडतात म्हणून खाली ताट ठेवायचं. आत बघितलं तर घट्ट, मधासारखं पिवळं ग्रीस भरलेलं. एका दुकानात सर्व्हिसला दिलं होतं आणि तिथे त्यांनी काळजीपोटीच भरपूर ग्रीस ठासलं होतं. तीनपैकी एक पॉल त्या ग्रीसमध्ये चिकटून आडवाच पडून होता, त्याच्या केसाएवढ्या स्प्रिंगमध्ये त्याला उचलायची ताकदच नव्हती. मग सगळं वजन उरलेल्या दोघांवर आलं आणि त्यातल्या एकाची कड गोल होऊन आरशासारखी चमकत होती, समोरच्या रिंगवर चार-पाच दात्यांची टोकं पण तशीच चपटी. फ्रीव्हील चांगल्या कंपनीचं होतं, मेलं ते ग्रीसने. असं कड गोल झालेलं फ्रीव्हील परत घासून-बिसून चालत नाही, ते टाकूनच द्यायचं. आणि याच कारणाने सेकंडहँड फ्रीव्हील कधीच घेऊ नये, बाहेरून सगळीच सारखी दिसतात.

म्हणजे आत पातळ तेल, ग्रीस नाही. शिलाई मशीनचं तेल कुठेही मिळतं, तेच वापरतो मी. सायकल फ्रीव्हीलची बाजू वर करून आडवी ठेवायची, आतला भाग आणि बाहेरची रिंग यांच्या मधल्या फटीत चार-पाच थेंब टाकायचे, क्रँक उलटी फिरवत राहायचं. आवाज ऐका, टिकटिक स्वच्छ आणि एकसारखी आली पाहिजे, मधेच एक टिक दबली किंवा गायब झाली तर एक पॉल झोपलाय असं समजायचं आणि किक मारायच्या नाहीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तर हे दर राइडनंतर करावं लागतं कारण साध्या फ्रीव्हीलमध्ये पाणी अडवायला फारसं काही नसतंच, शिवाय तुम्ही वाशीला सागर विहारकडे प्रॅक्टिस करणार असाल तर खाडीची खारी हवा आहेच. सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा पाइप फ्रीव्हीलवर मारू देऊ नका, बादली आणि फडकं बास. ईनोला आत सीलबंद बेअरिंग आहे, स्प्रिंगा आणि पॉल सुटे मिळतात, म्हणून ते महाग असलं तरी मी तेच सांगतो, तीन स्वस्तातली टाकण्यापेक्षा ते एक दुरुस्त करत वापरलेलं बरं.

काही लोक सांगतील की पुढचं फ्रीव्हील काढून मागे चांगला हब टाक. तोही रस्ता आहे, स्ट्रीट ट्रायल्सवाले बरेच जण तसंच वापरतात, क्रिस किंगच्या हबमध्ये तर पॉलच नसतात, दोन रिंगा समोरासमोर येऊन सगळे 72 दाते एकदम अडकतात, त्याच्या मजबुतीबद्दल वादच नाही. शिवाय मागे टॉर्क थोडा कमी येतो, पुढे 18 आणि मागे 15 दाते असतील तर पुढच्याच्या पाच षष्ठांश. पण मग हब, चाक परत बांधणं, नवी क्रँक, सगळंच बदलायला लागेल आणि तेवढ्यात तुमची अर्धी सायकल नवीन येईल. तुमची फ्रेम आणि क्रँक पुढच्या फ्रीव्हीलसाठीच आहे तर तेच नीट करा.

मिळण्याचं म्हणाल तर ठाणे किंवा नवी मुंबईतल्या नेहमीच्या दुकानांत ही फ्रीव्हील ठेवत नाहीत, बाहेरूनच मागवावं लागतं आणि कुरिअर, कस्टम ड्युटी धरून किंमत बरीच फुगते, म्हणून दोन-तीन जणांनी मिळून एकदम मागवलं तर परवडतं. मागवताना त्याच ऑर्डरमध्ये त्याच कंपनीचं काढायचं टूल, स्प्रिंगांचा एक सेट आणि चेन टाका. टूल विसरू नका कारण प्रत्येक किकला फ्रीव्हील आट्यांवर अजून घट्ट होत जातं आणि काही महिन्यांनी ते हाताने किंवा छन्नीने निघत नाही, छन्नी मारली तर खाचा तुटतात आणि मग क्रँकसकट जातं. बसवताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) किंवा थोडं ग्रीस लावा, ग्रीस लावायची एवढी एकच जागा. काढताना टूल बोल्टने फ्रीव्हीलला आवळून बांधा, टूल व्हाइसमध्ये पकडा आणि क्रँकच दांड्यासारखी वापरून फिरवा. व्हाइस नसेल तर तुर्भे-रबाळे एमआयडीसीतल्या किंवा इकडे वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही लेथवाल्याकडे जा, पाच मिनिटांचं काम आहे, फक्त त्याला गॅसची टॉर्च लावू देऊ नका, तापवलं की पॉलचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.

ऑर्डरच्या आधी आटे तपासा. ट्रायल्सच्या क्रँकवर बहुतेक 1.37 इंच, इंचाला 24 आटे हाच साइज असतो, पण लहान फ्रीव्हीलसाठी 30 मिमीचे मेट्रिक आटेही येतात आणि सेकंडहँड सायकलला काय असेल सांगता येत नाही. जुनं फ्रीव्हील काढून व्हर्नियरने आट्यांच्या बाहेरचा व्यास मोजा, 34.8 मिमीच्या आसपास आला तर मोठा साइज, 30 च्या आसपास आला तर मेट्रिक. चेनची रुंदी पण बघून ठेवा, तुमची जाड असेल तर फ्रीव्हीलही जाड दात्यांचंच मागवा, दोन्हींचा मेळ बसला पाहिजे.