लडलोला आईवडिलांना नेताना: आधी चढ पाहावा, मग घर ठरवावे

आपण लिहिले आहे की, साताऱ्याहून आलेल्या आईवडिलांना घेऊन मँचेस्टरहून श्रॉपशरमधील लडलो या जुन्या बाजारगावी सप्टेंबरात गुरुवार ते रविवार राहण्याचा विचार आहे, आरक्षण कार्यालयाने ‘चौकापासून दोन मिनिटांवर, वयस्करांना सोयीचे, ऐतिहासिक घर’ सुचवले आहे, आणि तेथे काय काय पाहावे हे आपल्याला हवे आहे. नेमके हेच आश्वासन आम्हालाही एका कार्यालयाने दिले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. गाडीची तिकिटे, विमा, पावसाळी कपडे यांबद्दल लिहीत नाही; तिकडे राहणाऱ्याला ते सांगायला नको.

लडलो टेकडीच्या माथ्यावर वसलेले आहे. किल्ला, बाजाराचा चौक, बटरक्रॉसची इमारत आणि सेंट लॉरेन्सचे चर्च ही सारी ठिकाणे माथ्यावर, जवळजवळ एकाच पातळीत आहेत. तेथून ब्रॉड स्ट्रीट चांगलाच उतार घेत ब्रॉड गेटपर्यंत जातो. गावाच्या मध्ययुगीन तटबंदीतील सात वेशींपैकी आज उभी असलेली ही एकमेव वेस. रस्ता अतिशय देखणा आहे, पण आमचे घर त्याच्या पायथ्याशी, वेशीच्या बाहेर निघाले. नकाशावरचे अंतर खरोखरच किरकोळ होते. माझ्या आईच्या गुडघ्यांसाठी मात्र तो चढ म्हणजे प्रत्येक वेळी थांबत, भिंतीला हात लावत केलेली चढाई होती. शिवाय झोपण्याची खोली वर आणि जिना अरुंद, वळणाचा.

आरक्षणापूर्वी मी लेखी विचारले होते की, बाहेर चढ आहे का आणि जिना कसा आहे. उत्तरादाखल जाहिरातीतला मजकूरच पुन्हा पाठवण्यात आला. तेथे पोहोचल्यावर तक्रार केली, तेव्हा कार्यालय म्हणाले की, वर्णनाची जबाबदारी मालकाची. मालक म्हणाले की, आरक्षणात बदल करण्याचा अधिकार केवळ कार्यालयाला. पैसे परत मिळाले नाहीत आणि दुसरी जागाही मिळाली नाही. आई जो बाजार पाहायला आली होती, त्या बाजाराच्या दिवशी ती खिडकीशी बसून राहिली, याचे मला आजही वाईट वाटते. मालकांना मी दोष देत नाही. असल्या संरक्षित वास्तूंमध्ये परवानगीवाचून जिना बदलता येत नाही. परंतु चढ लपवून ‘वयस्करांना सोयीचे’ असे लिहिणाऱ्या कार्यालयाने वयस्करांचे पैसे घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून आपण घराचा नेमका पत्ता आधी मागून घ्या, ते वेशीच्या आत आहे की बाहेर हे पाहा, आणि जिन्याचे छायाचित्र मागा. ते मिळाले नाही, तर ती जागा सोडा. माथ्यावरच कॅसल स्क्वेअर, म्हणजे बाजाराचा चौक, किंवा किंग स्ट्रीटच्या आसपास लहान खोली मिळाली तरी ती खालच्या प्रशस्त घरापेक्षा बरी, कारण दुपारी तासभर घरी येऊन पडता येणे हेच आईवडिलांच्या सहलीत सर्वांत मोलाचे असते. मँचेस्टरहून थेट गाडी आहे, पण स्थानकावरून माथ्यावर चढावे लागते, तेव्हा टॅक्सी आगाऊ सांगून ठेवा. सप्टेंबरात किल्ल्याच्या आवारात गावाचा प्रसिद्ध खाद्यमहोत्सव भरतो. किल्ला शांतपणे पाहायचा असेल, तर त्या तारखा टाळाव्यात.

बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. म्हणजे आपल्याला दोन दिवस मिळतील. शुक्रवारी सकाळी जावे, शनिवारी गर्दी अधिक असते. वडील शाकाहारी असतील, तर चीज घेताना ते शाकाहारींसाठी आहे का हे विचारावे, कारण पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातील विकर वापरलेले असू शकते.

चर्चला मात्र मनापासून वेळ द्या. गायकवृंदाच्या घडीच्या बाकांखाली मध्ययुगीन लाकडी कोरीवकाम आहे. त्यात माप मारणाऱ्या मद्यविक्रेतीला सैतान नरकात नेत असल्याचे दृश्य आहे. बाजारपेठेच्या गावाने खोट्या मापाला देवळात अशी शिक्षा कोरून ठेवावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. मनोरा सुमारे ४१ मीटर उंच आहे आणि वर जायला २०० च्या आसपास पायऱ्या आहेत. आपण चढा, आईवडिलांना खालीच बसू द्या.

किल्ल्याचे प्रवेशद्वार चौकातच आहे. आतील चॅपलचा बाराव्या शतकातील वर्तुळाकार भाग इंग्लंडमध्ये क्वचितच पाहायला मिळतो. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ, राजपुत्र आर्थर १५०२ मध्ये याच किल्ल्यात वारला. त्याची तरुण विधवा कॅथरिन पुढे हेन्रीची राणी झाली, आणि त्या विवाहाच्या वादातून इंग्लंडचे चर्च रोमपासून तुटले. बाहेरचे पटांगण मोकळे आणि गवताचे आहे, बुरुजांचे जिने मात्र टाळावेत. वेळा आणि प्रवेशमूल्य बदलत असते, ते निघण्यापूर्वी तपासा. मी तेथला रहिवासी नाही.

किल्ल्याचे सर्वांत चांगले दर्शन टेम नदीपलीकडच्या व्हिटक्लिफच्या उंचवट्यावरून होते, पण तो पुन्हा चढ आहे. आईवडिलांना टॅक्सीने डिनमच्या पुलापर्यंत नेऊन बंधाऱ्याजवळ बसवावे. तेथूनही तटबंदी छान दिसते.

मराठी माणसाने आणखी एक धागा ध्यानात ठेवावा. हा किल्ला १८११ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाने, एडवर्ड क्लाइव्हने विकत घेतला. रॉबर्ट क्लाइव्ह म्हणजे तोच, जो १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनसह तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून गेला होता, आणि पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला होते. क्लाइव्ह घराण्याने हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू वेल्समधील पॉविस किल्ल्यात आहेत. त्यांत टिपू सुलतानाच्या सिंहासनावरील सोन्याचे व्याघ्रमुख आणि त्याच्या तंबूचे कापडही आहे. श्रूझबरीला गाडी बदलून वेल्शपूलला उतरावे लागते, आणि दिवस पूर्ण जातो. वडिलांना इतिहासाची ओढ असेल, तरच शनिवार त्यासाठी द्यावा. अन्यथा जवळच्या क्रेव्हन आर्म्स या गावापर्यंत गाडीने जाऊन स्टोकसे पाहावे. लडलोच्या लॉरेन्स नावाच्या लोकर व्यापाऱ्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला तो तटबंदीचा वाडा आहे. स्थानकापासून तेथे साधारण दीड किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे येथेही टॅक्सी आधीच ठरवून ठेवा, आणि परतीची वेळ चालकाला उतरतानाच सांगा.