वडलांना काचबिंदू, मग मला?

प्रश्न: वडलांना पस्तिशीतच काचबिंदू झाला, आत्यालाही आहे. मला तर नीट दिसतं, तरी तपासू का?

उत्तर: हो, लगेच तपासा. इतक्या कमी वयात, तेही घरात दोघांना, म्हणजे मायोसिलिन नावाच्या जीनमधल्या दोषाचा संशय येतो, १९९७ मध्ये सापडलेला हा जीन, दोष असला तर मुलांत यायची शक्यता ५० टक्के. नवल म्हणजे या जीनपासून बनणारं प्रोटीन कमी पडून त्रास होत नाही, तर चुकीची घडी पडलेलं प्रोटीन पेशीतच अडकून साचतं, डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) जिथून झिरपतं त्या जाळीच्या पेशी खराब होतात, पाणी तुंबतं, प्रेशर वाढतं आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही हो, कडेची नजर आधी जाते म्हणून कळतही नाही! प्रेशर, नस आणि फील्ड टेस्ट (कडेची नजर तपासणारी) तिन्ही करा, भावंडांनाही न्या.