बंदूक तीच, ठाणं बदललं की नियम बदलतो का?

(वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं)

प्रश्न : वकीलताई नमस्कार. मी पाटण तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाडीतला. आमच्याकडं आजोबांपासून ठासणीची बंदूक आहे, परवाना पीक संरक्षणाचा, आता माझ्या नावावर, रिन्यू केलेला. २०२४ ला लोकसभेला ठाण्यात जमा केली, परत आणली तोवर विधानसभा आली, परत जमा. भात काढायला आलं की डुकरं शिवारात आणि बंदूक ठाण्यात. माझा मेहुणा शिराळ्याकडचा, सांगली जिल्हा, त्याच्याकडं पण असलीच बंदूक, पण त्याला कोणी विचारलं सुद्धा नाही. हवालदारांना म्हटलं आदेश दाखवा, तर म्हणाले तुला काय आमदारकीला उभं राहायचंय का. मग प्रत्येक ठाण्याचा कायदा वेगळा आहे का?

उत्तर : भाऊ, कायदा एकच, १९५९ चा शस्त्र कायदा, तो केंद्राचा आहे त्यामुळं साताऱ्याला एक न् सांगलीला एक असं काही नसतं. निवडणुकीत बंदुका जमा करायचा आदेश जिल्हाधिकारी काढतात, पूर्वी जमावबंदीचं कलम १४४ म्हणायचो ना, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६३ झालंय. आता खरी गोची इथं आहे. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की सगळ्या परवानाधारकांच्या बंदुका सरसकट जमा करून घ्यायच्या नाहीत, आणि निवडणूक आयोगाच्या सूचनाही तशाच आहेत, जिल्हाधिकारी आणि एसपी यांच्या छाननी समितीने एकेकाचं नाव तपासायचं. जो जामिनावर सुटलाय, ज्याच्यावर गुन्हे आहेत, ज्याचं नाव दंगलीत, त्यातही निवडणुकीतल्या दंगलीत आलंय, अशांची नावं आधी बघायची. समिती जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी, म्हणून मेहुण्याची राहिली आणि तुमची गेली यात लगेच बेकायदा काही झालं असं मी म्हणणार नाही. पण तुमचं नाव कोणी बघितलंच नसेल, नुसती ठाण्यातली परवान्यांची यादी काढून सगळ्यांना फोन लावले असतील, तर तिथं बोट ठेवायला जागा आहे. आणि बऱ्याच ठिकाणी तेच होतं, कारण साहेबांना वाटतं उद्या काही झालं तर आपल्यावर नको.

तरी दारात आलेल्या पोलिसाशी वाद घालू नका. जमा करा, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज द्या की माझ्यावर गुन्हा नाही, शेतीसाठी लागते, समितीने माझ्या नावाचा काय निर्णय घेतलाय त्याची प्रत द्या, आणि आपल्या कॉपीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. निकालानंतर आठवड्याभरानं बंदूक परत द्यायची असं आयोगच सांगतो, तेही अर्जात लिहा.

पावतीवर मात्र बंदुकीचा नंबर पाहिजेच. आमच्या मामांनी एका ठाण्यात (नाव नको) जमा केली तेव्हा पावतीवर नुसतं 'बंदूक १ नग'. परत आणायला गेले तर खताच्या पोत्यात गुंडाळलेल्या पाच बंदुका पुढ्यात ठेवल्या, म्हणे ओळखा आपली. मामांच्या बंदुकीचा दस्ता चिरलेला होता, त्याला त्यांनी मोटारीची तांब्याची तार गुंडाळली होती म्हणून ओळखली, नाहीतर दुसऱ्याची घेऊन आले असते आणि मग आणखी एक केस. घोड्याला गंज चढलेला तो वेगळाच.

आणि डुकराचं म्हणाल तर पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे बरं का. तिथं १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो, वनखात्याची परवानगी वेगळी. गव्याचं तर नावच काढू नका.

प्रश्न : वडील जाऊन आठ महिने झाले. त्यांची दुनळी कपाटात कुलपात आहे. भाऊ म्हणतो वारसनोंद झाल्यावर बघू. चालेल का? (कराड)

उत्तर : नाही चालणार, उद्याच जमा करा. परवाना वडिलांच्या नावाचा होता, ते गेले म्हणजे तुमच्या घरात बिनपरवाना हत्यार आहे आणि शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन ते पाच वर्षं कैद आहे. त्याच कायद्याचं कलम २१ सांगतं की विनाकारण उशीर न करता जवळच्या ठाण्यात नाहीतर परवानाधारक बंदूकवाल्याकडं जमा करायची. मग २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं वारस म्हणून नवीन परवान्याला अर्ज करा, बाकीच्या भावंडांची ना हरकत जोडून. सातबाऱ्याची वाट बघायची गरज नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही. भावाच्या नावावर आधीच दोन बंदुका असतील तर ही त्याला मिळणार नाही, पूर्वी तीन चालायच्या, आता दोनच.

प्रश्न : पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, मामांकडं परवान्याची बंदूक आहे, वरातीत हवेत एकच बार काढला तर? सगळे म्हणतात परवाना आहे, काय होत नाही. (मिरज)

उत्तर : होतं. २०१९ पासून आनंदाच्या भरात हवेत बार काढून माणसं धोक्यात घालणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना असल्यानं सुटका नाही, उलट तोच रद्द व्हायचा. मामांच्या हातात फटाक्याची माळ द्या आणि बंदूक घरी कुलपात राहू दे.