तीस हजार कोंबड्या शेजारी येताना

पोल्ट्री आणि गोठ्यांच्या प्रदूषणाबद्दल नागपूर जिल्ह्यातून आलेल्या चार प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : हिंगणा तालुक्यातल्या आमच्या गावापासून तीनशे मीटरवर ३०,००० अंड्याच्या कोंबड्यांचं शेड बांधणं सुरू आहे. ग्रामपंचायतीनं ना हरकत दाखला दिलाय, आता काही होणार नाही असं सगळे म्हणतात. खरं का?

मुळीच नाही. एवढ्या पक्ष्यांसाठी १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा, या दोन्हींखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं, आणि तेही बांधकामाच्या आधी. पूर्वी एक लाखाच्या आतल्या पोल्ट्रीला मोकळीक होती. राष्ट्रीय हरित लवादानं २०२० मध्ये ती फेरतपासायला लावली आणि १ जानेवारी २०२२ पासून २५,००० च्या वरचे फार्म संमतीच्या कक्षेत आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोल्ट्रीसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत नवं शेड वस्तीपासून ५०० मीटर आणि नदी, तलाव, पिण्याच्या पाण्यापासून १०० मीटर लांब हवं असं म्हटलंय. तुमचे तीनशे मीटर त्यात बसत नाहीत.

महाराष्ट्र मंडळाच्या नागपूर कार्यालयात लेखी अर्ज द्या : गट नंबर, मोजलेलं अंतर, फोटो. संमती दिली आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आणखी एक काम पक्षी यायच्या आधीच उरका. गावातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. अंड्याची एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम विष्ठा टाकते, म्हणजे या शेडातून रोज तीन टन निघणार. ती पावसात उघड्यावर पडली की झिरपते. उद्या पाणी बिघडलं, तर आजचा अहवाल जवळ नसलेलं गाव काहीच सिद्ध करू शकत नाही.

प्रश्न : कळमेश्वरकडे माझं ६,००० पक्ष्यांचं करारावरचं ब्रॉयलर शेड आहे. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. संमतीपत्र मी काढायचं की कंपनीनं? नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, माश्यांवरून शेजारी रोज भांडतात.

५,००० ते २५,००० पक्ष्यांना १ जानेवारी २०२३ पासून संमती लागते. शेड तुमचं, म्हणून अर्जही तुमचाच. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं. पक्षी कंपनीचे, दर कंपनी ठरवते, आणि घाण व कागद मात्र किलोमागे ठरलेलं संगोपन शुल्क घेणाऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात. नियमांनी कंपनीलाही बांधायला हवं. तोवर पुढच्या कराराच्या वेळी लिटर (शेडात अंथरलेला, विष्ठा मिसळलेला तूस) उचलण्याचा आणि मरतुकीच्या खड्ड्याचा खर्च कोणाचा, हे लिहून मागा. चार-पाच जण मिळून मागितलं तर जास्त ऐकलं जातं.

माश्यांचं मूळ ओलीत आहे. नवतप्यात पाण्याचे फवारे मारणारे फॉगर दिवसभर चालतात, पक्ष्यांना पाणी पाजणारे निपल गळतात आणि खालचा तूस भिजतो. या उन्हात अंड्यातून माशी तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून गळती रोज बघा, ओला थर त्याच दिवशी काढून कोरडा धानाचा तूस टाका, आणि काढलेलं लिटर ताडपत्रीखाली ठेवा. कोरडं कोंबडखत संत्र्याच्या बागेवाले पैसे देऊन नेतात. ओलं कोणी फुकटही उचलत नाही.

प्रश्न : पूर्व नागपुरात आमच्या वस्तीला लागून चाळीस म्हशींचा गोठा आहे. शेण रोज पाइप मारून नाल्यात वाहवतात. गोठेवाल्यांचं पोट आहे, पण आम्ही राहायचं कसं?

एक मोठं जनावर दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकतं. चाळीस म्हशींचं सहा ते आठ क्विंटल झालं. हे नाल्यातून नाग नदीत, तिथून कन्हानला, मग वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. तुमच्या नाकाला त्रास देणारं शेण खालच्या गावांच्या पाण्यात उतरतं.

डेअरी आणि गोशाळांसाठी केंद्रीय मंडळानं २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. शेण नाल्यात वा गटारात सोडता येत नाही. तक्रार महापालिका आणि प्रदूषण मंडळ, दोन्हीकडे करा. पण तक्रारीत पर्यायही मागा. पंचवीस किलो शेणातून साधारण एक घनमीटर बायोगॅस मिळतो, म्हणजे या गोठ्यातून रोज पंचवीस-तीस घनमीटर. शहरात जागा नसलेल्या गोठेवाल्याकडून हे एकट्यानं होणार नाही. आधी खरवडून शेण गोळा करायचं आणि मगच धुवायचं, एवढं मात्र तो उद्यापासून करू शकतो.

प्रश्न : गोरेवाड्यातले वाघ बर्ड फ्लूनं गेले. मग मोठ्या पोल्ट्री बंदच का करत नाहीत?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीत बर्ड फ्लू निघाला. तुमची भीती रास्त आहे. पण पोल्ट्री सरसकट बंद करण्यापेक्षा रोग वेळेवर कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साथ ठरली की एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात. भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून मरतूक एकाएकी वाढली, तर लपवून पक्षी विकण्यापेक्षा त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवण्यातच शेतकऱ्याचा फायदा आहे. हे फार्मवाल्यांना कोणी नीट सांगतच नाही.